मी मारायला लावलेली लाल रेघ

"ही खाडाखोड कुणी केली?" साहेबांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

खोलीत दहा-बारा माणसं फायली धरून उभी होती. माझी नात माझ्या शेजारी उभी होती. तिनं हातातली फाइल टेबलावर ठेवून दिली, जणू आता तिचं काही काम उरलं नव्हतं.

साहेबांनी कागद माझ्याकडे फिरवला. शाळेच्या जुन्या रजिस्टराची झेरॉक्स होती. माझ्या मुलाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव, आणि जातीच्या रकान्यात एक शब्द लिहून त्यावर आडवी रेघ मारलेली. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, बौद्ध. झेरॉक्सवर रेघ काळी दिसत होती. मूळ रेघ लाल आहे, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

"म्हणजे सरकारी रेकॉर्ड तुम्ही बदललं?"

"मी सांगितलं, हेडमास्तरनं बदललं."

"कशासाठी?"

"आम्ही तो शब्द सोडला होता."

बाजूला बसलेला क्लार्क हसला. "सोडला होता, तर मग आता त्याच शब्दावर शिष्यवृत्ती कामून मागायला आलात, आजी?"

मागं उभं असलेलं आणखी कुणीतरी हसलं. मी मागं वळून पाहिलं नाही. साहेब हसले नाहीत, पण क्लार्कला गप्पही केलं नाही. त्यांनी पेन उचललं. "बरं, जात सांगा. लिहून घ्यायची आहे."

"बौद्ध."

"आजी, तो धर्म झाला. जात सांगा," क्लार्क म्हणाला. "बौद्ध ही जात न्हाई."

"माहीत आहे. म्हणूनच झालो."

नात माझ्या कानाशी आली. "आजी, सांग ना गं. एकच शब्द आहे."

मी सांगितला नाही. साहेबांनी पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. रेघ मारलेला कागद पुरावा म्हणून धरता येणार नाही, त्याच्याआधीचा, नातीच्या बापाच्या घराण्याचा कागद आणा, म्हणाले. नातीचे कागद परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्तीसाठी पोचायला एकूण वीस दिवस उरले होते. जिने-पायऱ्या उतरताना ती एरवी माझा हात धरते, तसा लातूरच्या त्या ऑफिसच्या पायऱ्यांवर त्या दिवशी धरला नाही.

ती कुठल्या शिष्यवृत्तीच्या मागं होती ते सांगते. माझा मुलगा नांदेडला बोअरमधल्या मोटारी काढतो, दुरुस्त करतो, परत सोडतो. नात सात वर्षांची असल्यापासून त्याच्याबरोबर जायची. दोरीला दगड बांधून पाणी किती खोल गेलं ते मोजायची आणि वहीत लिहायची. एकाच गल्लीत एका बोअरला पाणी आणि दुसऱ्याला नुसती धूळ, हे का होतं, असं तिनं बापाला विचारलं. बापाला सांगता आलं नाही. मग ती तेच शिकायला गेली, जमिनीच्या पोटातल्या खडकाचं आणि पाण्याचं. कॉलेजात पहिली आली. इंग्लंडातल्या एका विद्यापीठानं तिला पुढच्या पदवीसाठी घेतलं. तिथला खर्च आमच्यानं सात जन्मात झाला नसता. सरकारनं आमच्यासारख्यांच्या पोरांसाठी शिष्यवृत्ती ठेवलेली आहे, त्या यादीत तिचं नाव आलं. त्या दिवशी मुलानं गल्लीत पेढे वाटले. तिथंच चुकलं. आदेश हातात येईस्तोवर वाटायला नको होते, कारण नंतर रोज कुणीतरी विचारायचं, कधी निघाली पोरगी?

यादीच्या खाली एक ओळ होती. जातीच्या दाखल्याची पडताळणी झाल्याशिवाय आदेश निघणार नाही. दाखला आमच्याकडे होता. तो आमच्या मूळ गावच्या तलाठ्याच्या सांगण्यावर मिळाला होता. गाव निलंगा तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिथं आम्ही कोण, हे तलाठ्याला विचारावं लागत नाही. कुणालाच विचारावं लागत नाही. आमची घरं गावाच्या कोणत्या अंगाला आहेत ते पाहिलं की कळतं. पण पडताळणीला घरं कुठं आहेत ते चालत नाही. कागद लागतो. गाव लातूर जिल्ह्यात, म्हणून पडताळणीही लातूरला. आम्ही नांदेडहून लोहा, अहमदपूर करत एसटीनं जायचं आणि तसंच परत यायचं.

मला राग कशाचा आला ते आधी सांगून टाकते. माझं माहेर बिलोलीकडचं. तिथं मी चौथीपर्यंत शिकले. मला वर्गात दाराशी बसवायचे. पाणी प्यायचं तर शिपायाची वाट बघायची, तो वरून ओतायचा. त्या चार वर्षांत एकाही माणसानं मला म्हटलं नाही की थांब, तू खरंच त्या जातीची आहेस का ते आधी तपासू. एकानंही कागद मागितला नाही. झेरॉक्स मागितली नाही. दाराशी बसवायला माझं तोंड पुरेसं होतं. आणि माझ्या नातीला विमानात बसवायची वेळ आली तेव्हा दोन पिढ्यांपूर्वीचा पुरावा पाहिजे.

माझ्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर तो शब्द स्वच्छ लिहिलेला आहे. मी तो दाखला पहिल्याच खेपेला पुढं केला होता. क्लार्कनं वाचलाही नाही. "आईकडचं, आजीकडचं चालत न्हाई. बापाकडचं लागतं." म्हणजे दाराशी मी बसले, आणि तेही हिशेबात नाही.

आता ती रेघ. तेव्हा आम्ही सासरच्या गावातच होतो, मुलाला पहिलीत घालायचं होतं. आमच्या वस्तीतल्या बायकांनी तेव्हा एक ठरवलेलं होतं. दीक्षा घेऊन वर्षं झाली होती, पण शाळेचे मास्तर विचारायचे नाहीत, आपल्या मनानंच जुना शब्द लिहून मोकळे व्हायचे. म्हणून पोराला शाळेत बापानं न्यायचं नाही, आईनं न्यायचं. बाप माणसं मास्तरपुढं 'जी, जी' करून परत यायची. आईनं न्यायचं आणि रजिस्टर डोळ्यांनी बघितल्याशिवाय उठायचं नाही. ज्या बायकांना वाचता येत नव्हतं त्या मला बरोबर न्यायच्या. मी सात-आठ पोरांची रजिस्टरं अशी बघितली. मग माझं पोर आलं.

हेडमास्तर वयस्कर होते, वाईट नव्हते. मी वाकून पाहिलं तर रकान्यात तोच शब्द.

"हे कापा," मी म्हणाले.

"अहो बाई, असू द्या की. लिहिल्यानं काय होतंय?"

"काय होत न्हाई, तर मग लिहिता कामून?"

"उद्या पोराला सवलत लागंल. नोकरी लागंल. तेव्हा हाच शब्द शोधत याल माझ्याकडं."

"न्हाई येणार. कापा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मग लाल शाईचं पेन घेतलं, पट्टी घेतली आणि शब्दावर रेघ ओढली. पट्टीनं ओढली, हे मला आवडलं. वर बारीक अक्षरात बौद्ध लिहिलं, बाजूला सही केली. "बघा, तुमच्यासमोर केलं," म्हणाले. मी घरी आले तर नवरा चिडला. "मास्तर बरोबर बोलला, तुला लई अक्कल," म्हणाला. दुसऱ्या दिवशी मात्र तोच पारावर चार माणसांना सांगत होता की माझ्या बायकोनं हेडमास्तरला रेघ मारायला लावली.

पुढं विष्णुपुरीच्या धरणाचं काम निघालं आणि आम्ही कामाला नांदेडला आलो. मुलानं कधी सवलत मागितली नाही. मोटारी दुरुस्त करायला दाखला लागत नाही. त्यामुळं ती रेघ रजिस्टरात तशीच पडून राहिली. हेडमास्तर म्हणाले होते ते खरं झालं, हे मला मान्य आहे. ते बरोबर होते म्हणून मी चूक होते, हे मला मान्य नाही.

हेच मी नातीला त्या दिवशी परतीच्या बसमध्ये सांगितलं. ती अहमदपूर येईस्तोवर खिडकीबाहेर बघत होती. मग बोलली.

"आजी, तुला तुझी रेघ मिळाली. मला काय मिळालं?"

"तुला दाराशी न बसवणारी शाळा मिळाली."

"ती रेघेमुळं मिळाली का? ती लोकांनी भांडून मिळवली. आणि मला तो शब्द म्हणायला लाज वाटत नाही. मी कॉलेजात सगळ्यांसमोर म्हणते. तू का घाबरतेस?"

"घाबरत न्हाई."

"मग?"

"टाकून दिलेली वस्तू परत उचल म्हणतात. तेही त्यांच्या टेबलापुढं. वरून हसतात."

"मग हसू दे ना! मला जायचंय, आजी. इथल्या बोअरची पाणी पातळी मोजून मोजून माझी वही भरली, पण त्याच्यावर काय करायचं ते इथं कुणी शिकवत नाही. तुझ्या रागासाठी मी इथंच बसू का?"

पुढच्या सीटवरच्या बाईनं मान वळवून पाहिलं. मी तिला म्हटलं, "तुमचं काही हरवलं का?" तिनं मान परत वळवली. नात हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाला दुकान बंद ठेवायला लावलं आणि दोघं निलंग्याच्या बाजूला आमच्या गावी गेलो. मुलगा वाटेत एवढंच म्हणाला, "आई, हे होणार न्हाई." सासरे कधी शाळेत गेलेले नव्हते, नवराही गेला नव्हता. राहिले चुलत सासरे, सासऱ्यांचे धाकटे भाऊ. ते निजामाच्या काळात दोन वर्षं शाळेत बसले होते असं सासू सांगायची. ते लग्न न करताच गेले, म्हणून त्यांची आठवण काढणारं कुणी नव्हतं. गावातच राहणाऱ्या माझ्या दिरानं डोकं खाजवलं. "काका शाळेत? वहिनी, ते तर गुरं राखायचे."

"आधी शाळेत, मग गुरं."

शाळेत आताच्या हेडमास्तरीण बाई होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी लोखंडी कपाट उघडून दिलं आणि म्हणाल्या, "आजी, जुनं सगळं उर्दूत आहे. मला एक अक्षर कळत नाही." मलाही कळत नव्हतं. पाच रजिस्टरं होती, कडा वाळवीनं खाल्लेल्या. आम्ही ती तिथंच ठेवून निलंग्यातल्या एका म्हाताऱ्या उर्दू मास्तरांना रिक्षानं घेऊन आलो. त्यांना रिटायर होऊन वीस वर्षं झाली असतील. त्यांनी खिडकीशी बसून एकेक पान बोटानं खाली घेत वाचलं. तिसऱ्या रजिस्टरात थांबले. त्यांनी माझ्या चुलत सासऱ्यांचं नाव वाचलं, त्यांच्या बापाचं वाचलं, गाव वाचलं. मग बोट पुढच्या रकान्यावर ठेवलं आणि वाचलं नाही.

"आपा, ये मिल गया," म्हणाले. "ये लफ्ज मैं कागद पो लिख देतूँ. बोलना कायकू?"

त्यांनी भाषांतराचा कागद लिहिला, सही केली, जुना शिक्का मारला. नको नको म्हणाले तरी मुलानं त्यांना परत निलंग्याला सोडलं. त्या पूर्ण प्रकरणात मला न विचारता माझी गोष्ट समजलेला हा एक माणूस. शेवटच्या रकान्यात काय लिहिलंय ते मी विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, शाळा सोडण्याचं कारण. गुरं राखणं.

कागद मिळाला तरी रेघ होतीच. साहेबांनी सांगितलं होतं की रेघ ज्यांनी मारायला लावली त्यांचं शपथपत्र लागेल. लातूरला तहसीलबाहेर झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टकडे गेलो. त्याच्याकडे सगळं तयार असतं, फक्त नावं बदलतो. त्यानं लॅपटॉपवर टाइप केलं आणि वाचून दाखवलं. मी शपथेवर लिहून देते की आम्ही अमुक जातीचे आहोत. अमुकच्या जागी तो शब्द. तो मी इथंही लिहिणार नाही.

"पुढं लिहा," मी म्हणाले. "ही जात आम्ही घेतली न्हवती, आम्हाला लावली होती. आम्ही ती सोडली."

"आजी, असं फॉर्मॅटमध्ये नसतंय."

"मग घाला फॉर्मॅटमध्ये."

"माझं काय जातंय हो, मी घालतो. पण तिथं साहेब परत पाठवतील. मग पुन्हा तारीख. तुम्हीच ठरवा."

नात माझ्याकडे पाहत होती. सहा दिवस उरले होते. तिचं बसमध्ये बोलायचं ते बोलून झालं होतं.

"राहू द्या," मी म्हणाले.

टायपिस्टनं कागद काढला आणि शाईचा पॅड पुढं सरकवला. माझं वय बघून त्यानं अंगठाच धरला होता. मी म्हटलं, "पेन दे." त्या शब्दाच्या खाली मी माझ्या हातानं सही केली. चौथीपर्यंत शिकले त्याचा हा उपयोग झाला. अंगठा असता तर बोटाची शाई पुसून झालं असतं. सही पुसता येत नाही.

दुसऱ्या तारखेला तीच खोली, तेच साहेब, तोच क्लार्क. मी ठरवून गेले होते की विचारलं तर या वेळी सांगायचं. दात आवळून उभी होते. साहेबांनी उर्दूचं भाषांतर वाचलं, मूळची नक्कल पाहिली, शपथपत्र पाहिलं. मग विचारलं, "जात?"

मी तोंड उघडायच्या आत नातीनं सांगितली. स्पष्ट आवाजात, हजेरीला नंबर सांगतात तशी. क्लार्कनं वर पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहतच परत एकदा सांगितली. या वेळी कुणी हसलं नाही.

मला तेव्हा बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. जो शब्द तिच्या कानावर घरात पडू नये म्हणून मी चाळीस-पन्नास वर्षं तोंड सांभाळलं, तो तिला माझ्याऐवजी म्हणावा लागला. ती म्हणते तिला काही वाटलं नाही. मी तिच्यावर विश्वास ठेवते. मला वाटलं, ते मी सांगते.

साहेबांनी मला विचारलं, "आजी, रेघ तुमच्या सांगण्यावरून मारली, हे मान्य?"

"मान्य. आज शाळेत गेले तर परत मारायला लावीन."

नातीनं माझ्या दंडाला चिमटा काढला. क्लार्कचं पेन चालू झालं. साहेब त्याला म्हणाले, "ते लिहू नका."

पडताळणीचा कागद शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी मिळाला. नातीनं लातूरच्या बसस्टँडवर बाकड्यावर बसूनच मोबाइलनं त्याचा फोटो काढून शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर चढवला. तीन वेळा चढला नाही, चौथ्यांदा चढला. मग तिनं माझ्यासाठी चहा आणला आणि म्हणाली, "आजी, तू सही केलीस म्हणून झालं." मी म्हटलं, "रेघ मारली म्हणून अडलं, ते कोण म्हणणार?" ती म्हणाली, "तेपण मीच म्हणते." तेव्हा हसलो दोघी. राग गेला असं नाही.

ती गेली त्याला आता काही महिने झाले. रविवारी फोन करते. तिकडे विद्यापीठात एक फॉर्म भरायला दिला होता, त्यात तू कोणत्या लोकांपैकी, असा प्रश्न होता. आणि खाली एक चौकट होती, सांगायचं नाही. तिनं फोनवर हसत सांगितलं, "आजी, मी तुझ्यासाठी त्या चौकटीत खूण केली." मी विचारलं, "मग त्यांनी काही अडवलं?" नाही म्हणाली. बापाला मात्र ती तासभर तिथल्या बोअरचं सांगत असते, किती फुटांवर पाणी, कोणता खडक. त्याला निम्मं कळतं. तो दुसऱ्या दिवशी दुकानात येणाऱ्या माणसांना सगळं सांगतो.

लोक मला म्हणतात, झालं ना शेवटी, सोडा आता. झालं ते झालं. पण माझ्या सहीचा तो कागद लातूरला फायलीत आहे आणि त्यावर जे लिहिलंय ते खरं असूनही अर्धं आहे. उरलेलं अर्धं त्यांच्या फॉर्मॅटमध्ये बसत नव्हतं. पुढच्या पोरीची आजी तिथं उभी राहील तेव्हाही बसणार नाही. तिलाही विचारतील, खाडाखोड कुणी केली.

त्या फायलीत ज्यांची नावं आहेत त्यांतले चुलत सासरे गेले, सासरे गेले, माझा नवरा गेला, रेघ ओढणारे हेडमास्तरही गेले असतील. माझा मुलगा, माझी नात आणि मी, आम्ही तिघं यातून गेलो, आणि आहोत.